उद्यमबाग ते शिनोळी : कामगार कायदा ऑनलाइन शिकताना

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याला लागलं की हिंडलगा, सुळगा, उचगाव मागे पडतात. मग बाची येते, आणि बाची संपते तिथं कर्नाटक संपतं. पुढे शिनोळी, तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर. रस्ता तोच, बोली तीच, दोन्हीकडच्या शेतातलं भातही तेच. पहाटेच्या पाळीला या रस्त्यावर दुचाक्यांची वर्दळ असते. कुणी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, निघालेला असतो, कुणी मच्छेच्या मशिन शॉपमध्ये, तर कुणी शिनोळीच्या एमआयडीसीत.

एकाच घरातले दोन भाऊ घेऊ. दोघांचा पगार अठरा हजार. शिनोळीत जाणाऱ्याच्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २,५००. उद्यमबागेत जाणाऱ्याचा एक रुपयाही कापायचा नाही, कारण कर्नाटकात हा कर २५,००० रुपयांच्या पगारापासून लागतो. त्यांची बहीण शिनोळीत त्याच पगारावर असेल तर तिचाही कर कापायचा नाही, पण कारण वेगळं. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. पगाराचा आकडा तिघांचा एकच. कपात करायची की नाही, हे कारखान्याचं फाटक कोणत्या राज्यात उघडतं त्यावर ठरतं.

सीमाभागात एचआरचं, म्हणजे कर्मचारी व्यवस्थापनाचं, काम करणाऱ्याने कामगार कायदा ऑनलाइन शिकायला घेतला की पहिली अडचण इथेच येते. ऑनलाइन वर्गाला गाव नसतं. मराठीतून शिकवणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे असतात. ते महाराष्ट्र गृहीत धरतात आणि गृहीत धरल्याचं सांगतही नाहीत. बेंगळुरूहून इंग्रजीत शिकवणारे कर्नाटकाचा कायदा सांगतात, पण त्यांची उदाहरणं आयटी कंपन्यांची असतात. तिथे ना भट्टी असते, ना पाळी, ना कंत्राटदाराची माणसं. दोन्हीकडचं ज्ञान खरं असतं, पण आपल्या टेबलावरच्या फाइलला ते जसंच्या तसं लागत नाही. म्हणून कुठलंही कलम वाचण्याआधी वहीच्या कोपऱ्यात एक प्रश्न लिहून ठेवावा : कामाची जागा कुठे? माणूस राहतो कुठे, कंपनीची नोंदणी कुठे, मालकाचं घर कुठे, हे प्रश्न नंतरचे.

उदाहरण द्यायचं तर महाराष्ट्रातला १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा घ्या. मराठी वर्गात तो हमखास शिकवतात आणि ते योग्यच आहे, कारण महाराष्ट्रात कामावरून काढलेला माणूस या कायद्याखाली थेट न्यायालयात तक्रार करू शकतो. मुदत ९० दिवसांची. शिनोळीच्या कारखान्यासाठी हे तोंडपाठच हवं. मच्छेच्या कारखान्यासाठी मात्र ते गैरलागू आहे, कारण कर्नाटकात तसा कायदाच नाही. कर्नाटकाने औद्योगिक विवाद कायद्यात स्वतःची दुरुस्ती करून कलम १० मध्ये वेगळी वाट ठेवली होती : काढल्याचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत कामगाराने थेट लेबर कोर्टात जावं. केंद्राच्या कलम २-अ ची तिसरी वाट होती. आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, ४५ दिवस थांबायचं, मग न्यायालय, आणि एकूण मर्यादा तीन वर्षांची. आता औद्योगिक संबंध संहितेत समेटासाठी विवाद नेण्याची मर्यादा दोन वर्षांवर आली आहे. तीन वेगवेगळ्या काळातले तीन व्हिडिओ पाहणाऱ्याच्या डोक्यात ९० दिवस, सहा महिने, तीन वर्षं आणि दोन वर्षं एकत्र साठतात. यातलं कुठलंच उत्तर चुकीचं नाही. प्रत्येकाचं राज्य आणि तारीख वेगळी आहे, एवढंच.

तारखेचं महत्त्व २१ नोव्हेंबर २०२५ पासून फारच वाढलं. त्या दिवशी वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा या चारही संहिता देशभर लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांच्यात सामावले गेले. म्हणून कोर्सची फी भरण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न : हे पाठ रेकॉर्ड कधी केले? त्यापूर्वीचे असतील तर ते टाकाऊ ठरत नाहीत. नव्या कलमांचा अर्थ जुन्या निकालांच्या उजेडातच लावला जाणार आहे, आणि जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तिथवर चालू ठेवण्याची तरतूद संहितांमध्येच आहे. पण शिक्षकाने जुनं कलम आणि नवं कलम शेजारी ठेवून शिकवलं पाहिजे. नुसतं ‘आता सगळं बदललं’ म्हणणारा आणि ‘काहीच बदललं नाही’ म्हणणारा, दोघांपासूनही लांब राहावं.

संहितांच्या लाटेत एक मोठा गैरसमज पसरला आहे. चार संहिता शिकलो की कामगार कायदा संपला, असं पुष्कळांना वाटतं. जे २९ कायदे गेले ते केंद्राचे. राज्यांचे स्वतःचे कायदे त्या यादीत नाहीत आणि रोजच्या पगारपत्रकावर तेच जास्त दिसतात. व्यवसाय कर हा त्यातला एक. कामगार कल्याण निधी दुसरा. कर्नाटकात तो वर्षातून एकदा भरायचा, कामगाराचे ५० आणि मालकाचे १०० रुपये, डिसेंबरअखेरच्या वर्षासाठी १५ जानेवारीपर्यंत. महाराष्ट्रात तो सहामाही, जून आणि डिसेंबरला, कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५. कर्नाटकचा जुना आकडा २० आणि ४० चा होता. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये तो तसाच राहून गेलेला अनेक ठिकाणी सापडतो, कारण रक्कम लहान आहे आणि वर्षातून एकदाच समोर येते.

सुट्ट्यांचंही तसंच. कर्नाटकाच्या १९६३ च्या राष्ट्रीय व सणांच्या सुट्ट्यांच्या कायद्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या पगारी सुट्ट्या ठरलेल्या आहेत आणि आणखी पाच सणांच्या द्यायच्या आहेत. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्य स्थापना दिन, बेळगावात वेगवेगळ्या मनांनी पाळला जातो, हे इथल्या कुणालाही सांगायला नको. पण एचआरच्या टेबलावर तो दिवस सगळ्यांना सारखा आहे : उद्यमबागेत पगारी सुट्टी, आणि काम घ्यावं लागलं तर कायद्याप्रमाणे मोबदला. शिनोळीत ती तारीख साधा कामाचा दिवस असू शकते. एकाच कंपनीची दोन्हीकडे युनिट असतील तर सुट्ट्यांचे फलक दोन लागतात.

निलंबन भत्त्यात फरक आणखी बारीक आहे. देशपातळीवरचा कोर्स सांगतो की पहिले ९० दिवस निम्मं वेतन, पुढे ७५ टक्के. कर्नाटकाचा १९८८ चा निर्वाह भत्ता कायदा तिसरी पायरीही घालतो : १८० दिवसांनंतर ९० टक्के. दोन आकड्यांत तफावत दिसली की कामगाराला ज्यात जास्त मिळतं तो धरून पैसे द्यावेत, हे माझं ठाम मत आहे. निलंबित माणसाचं घर त्याच पैशावर चाललेलं असतं, आणि भत्ता कमी दिल्याच्या कारणावरून पूर्ण चौकशीच मोडीत निघण्याचा धोका असतो.

सीमेवरच्या कंपन्यांना लागणारी एक गोष्ट कुठल्याच झटपट कोर्समध्ये सांगत नाहीत. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात ‘समुचित शासन’ (कायदा राबवण्याचा अधिकार असलेलं सरकार) या शब्दांची व्याख्या अशी होती, की एकाहून अधिक राज्यांत शाखा असलेल्या आस्थापनेसाठी ते शासन म्हणजे केंद्र. म्हणजे उद्यमबागेत एक युनिट आणि शिनोळीत दुसरं असणारी साधी कास्टिंग कंपनीसुद्धा ग्रॅच्युइटीपुरती केंद्राच्या अधिकाऱ्याकडे जाते. किमान वेतन, पाळ्या, कारखाना निरीक्षण हे मात्र आपापल्या राज्याकडे. कामगाराने अर्ज चुकीच्या कार्यालयात केला आणि कंपनीही तिथेच उत्तर देत राहिली, की दोघांचेही महिने वाया जातात. सामाजिक सुरक्षा संहिता उघडाल तेव्हा ग्रॅच्युइटीच्या प्रकरणाकडे जाण्याआधी ही व्याख्या वाचा. एरवीही वाचनाचा क्रम असाच ठेवावा : आधी व्याख्या, मग कायदा कुणाला लागतो ते कलम, मग सवलती, मग मुदती, शेवटी दंड. आणि ‘परंतु’ने सुरू होणारी वाक्यं वगळू नयेत. कामाचा मजकूर बहुधा तिथेच असतो.

हे सगळं मूळ कायद्यातच वाचायचं. इंडिया कोडच्या सरकारी संकेतस्थळावर केंद्राचे आणि राज्यांचे कायदे फुकट मिळतात. कोर्सच्या पीडीएफमधला तक्ता सोयीचा असतो, पण तक्ता करणाऱ्याने काय गाळलं ते तक्त्यात दिसत नाही.

वेतनाच्या व्याख्येवर मात्र एक पूर्ण आठवडा घालवला तरी जास्त नाही. ‘बेसिक निम्मं करा, काम झालं’ अशी तिची सोपी आवृत्ती सगळीकडे फिरते आहे, आणि ती चूक आहे. व्याख्या सांगते की मिळणारा सगळा मोबदला म्हणजे वेतन, आणि मग काही गोष्टी वगळते : घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम, बोनस, कमिशन, मालकाचा पीएफ वगैरे. या वगळलेल्या गोष्टींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर जास्तीची रक्कम पुन्हा वेतनात मिळवायची. यादीत नाव नसलेला भत्ता वेतनातच राहतो.

वहीत करून पाहा. एकूण पगार २६,००० : मूळ वेतन व महागाई भत्ता १३,०००, विशेष भत्ता ५,२००, घरभाडे ५,२००, प्रवास २,६००. मूळ वेतन नेमकं निम्मं आहे म्हणून बरेच जण १३,००० वर थांबतात. पण विशेष भत्ता वगळण्याच्या यादीत नाही. वगळलेली बेरीज फक्त ७,८००, म्हणजे निम्म्याहून कमी, तेव्हा परत काही मिळवायचं नाही. वेतन झालं १८,२००. आता दुसरा पगार घ्या, तोही २६,००० चा : मूळ व महागाई १०,४००, घरभाडे ७,८००, प्रवास ५,२००, त्या महिन्याचा ओव्हरटाइम २,६००. वगळलेली बेरीज १५,६००, मर्यादा १३,०००, जास्तीचे २,६०० परत मिळवले आणि वेतन झालं १३,०००. दोन्ही माणसांचा एकूण पगार सारखा, वेतनात ५,२०० चा फरक. ही दोन गणितं हाताने केल्यावर व्याख्या जेवढी पक्की होते, तेवढी दोन तासांच्या व्याख्यानाने होत नाही.

पीएफच्या बाबतीत विशेष भत्त्याचा हा मुद्दा नवा नाही. विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलं होतं की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता वेगळं नाव दिलं म्हणून बाहेर राहत नाही. वरच्या पहिल्या माणसाचा पीएफ १३,००० वर, १२ टक्क्यांनी, १,५६० होतो. वेतन १८,२०० धरलं तर १५,००० च्या मर्यादेवर १,८००.

अभ्यासासाठी एकच फाइल निवडायची असेल तर राजीनामा देऊन गेलेल्या माणसाची ‘फुल अँड फायनल’ची, म्हणजे शेवटच्या हिशोबाची, निवडावी. तिच्यात जवळजवळ सगळा कायदा एकत्र येतो. तोच पहिला माणूस, ७ वर्षं ८ महिने नोकरी. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो की बडतर्फी, राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. पुढच्या महिन्याच्या पगारासोबत देण्याची जुनी सवय आता चालत नाही. ग्रॅच्युइटी मात्र वेतनाच्या व्याख्येत नाही, त्यामुळे तिला दोन दिवसांची मुदत लागत नाही. ती ३० दिवसांत, आणि उशीर झाला तर व्याजासह. हिशोब : वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरायचा, म्हणून ८ वर्षं. १८,२०० च्या हिशोबाने वर्षाला १०,५०० आणि एकूण ८४,०००. फक्त मूळ वेतन धरणारा ६०,००० काढेल. चोवीस हजारांचा फरक, आणि तोही माणसाच्या हक्काचा.

त्याच फाइलमध्ये रजेचा हिशोब येतो. कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस, आणि पात्रतेसाठी वर्षात पूर्वी २४० दिवस लागत, आता १८०. हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये २४० ची अट कुठेतरी आत लिहिलेली असते. ती काढायला सांगावी लागते, आपोआप निघत नाही. बोनस तर हमखास विसरला जातो. वर्षाच्या मध्येच गेलेल्या माणसाने त्या वर्षात ३० दिवस काम केलं असेल तर तो पात्र आहे, आणि हिशोब ७,००० वर करून चालत नाही. ७,००० किंवा त्या उद्योगाचं किमान वेतन, यातलं जे जास्त ते धरायचं. शेवटी पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरायची. ती राहिली की माणसाचे पैसे अडकतात. दोन महिन्यांनी तो स्वतः भरू शकतो खरा, पण मोल्डिंगवर आयुष्य घालवलेल्या माणसाला आपण ते करायला लावावं का?

फिक्स्ड टर्मवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर, घेतलेल्यांचं पाहायला विसरू नका. त्यांना ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट राहिलेली नाही, एक वर्ष पुरे. आणि कर्नाटकात २०२४ पासून ग्रॅच्युइटीचा विमा सक्तीचा करणारे नियम आहेत. राज्याच्या बाहेर तयार झालेल्या कोर्समध्ये त्यांचा उल्लेखही नसतो.

चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी या पट्ट्यात अभ्यासाचा रोख वेगळा हवा. तिथे साखर कारखाने आहेत आणि साखर कारखाना म्हणजे हंगाम. फक्त हंगामात काम करणाऱ्याला ग्रॅच्युइटी दर वर्षाला १५ दिवसांची नसते, दर हंगामाला ७ दिवसांची असते. १५,६०० वेतन असेल तर हंगामाला ४,२०० आणि १२ हंगामांचे ५०,४००. त्याची सेवा अखंड आहे का, हे पाहताना २४० दिवस मोजायचे नाहीत. कारखाना जितके दिवस चालला त्याच्या ७५ टक्के दिवस तो हजर होता का, ते मोजायचं. गळीत ११० दिवस चाललं तर ८३ दिवस. म्हणजे कारखाना सुरू आणि बंद झाल्याच्या तारखा दर हंगामाला लिहून जपणं हे एचआरचं काम ठरतं. त्या नोंदी नसतील तर दहा वर्षांनी कुणाचाच हिशोब लागत नाही.

निपाणीत विडी. घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका कामगार आहेत का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पी. एम. पटेल अँड सन्स प्रकरणात आला आणि घरी काम करणाऱ्यांनाही पीएफ लागतो असं ठरलं. मजुरी हजार विड्यांमागे ठरते आणि दर राज्याची अधिसूचना वेगळी. सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडचा कर्नाटकाचा दर महाराष्ट्रातल्या कागलला लागत नाही.

किमान वेतनाच्या अधिसूचना हा तर सततचा अभ्यास. कर्नाटकात महागाई भत्ता दरवर्षी १ एप्रिलला बदलतो, महाराष्ट्रात त्यालाच विशेष भत्ता म्हणतात आणि तो १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. दोन युनिटच्या कंपनीत वर्षातून तीनदा पगारपत्रक उघडावं लागतं. अधिसूचना हातात आली की पाच गोष्टी पाहायच्या : ती मसुदा आहे की अंतिम, उद्योग कोणता, झोन (दर ठरवण्यासाठी केलेला भाग) कोणता, कामगाराची श्रेणी कोणती आणि लागू कधीपासून. मसुदा हरकतींसाठी असतो. व्हॉट्सॲपवर तो अंतिम असल्यासारखा फिरतो आणि घाईने लागू केला जातो, किंवा उलट, अंतिम अधिसूचना मसुदाच समजून बाजूला ठेवली जाते आणि मग फरकाची थकबाकी साचते. झोनसाठी कारखाना महापालिकेच्या हद्दीत आहे का, हे खात्री करून घ्यावं. पत्त्यात ‘बेळगाव’ लिहिलं म्हणून झोन ठरत नाही.

कर्नाटकाचं राजपत्र कन्नडमध्ये येतं. इथल्या मराठी माणसाला कन्नड बहुधा बोलता येतं, वाचायला वेळ लागतो. मोबाइलमधल्या भाषांतरावर तक्ते सोपवू नयेत, त्यात रकाने सरकतात. अधिसूचनांची भाषा ठरीव असते. ‘तुट्टी भत्ये’ म्हणजे महागाई भत्ता, ‘कनिष्ठ वेतन’ म्हणजे किमान वेतन, असे पन्नासेक शब्द आणि कन्नड अंक ओळखता आले तरी कामापुरतं वाचता येतं. कन्नडमधले ६ आणि ७ दिसायला अगदी जवळचे आहेत, तिथे नजर थांबवावी.

लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा ऑनलाइन चांगला शिकता येतो, कारण तो राज्यागणिक बदलत नाही : दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे समिती, अध्यक्ष महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, एक बाहेरची सदस्य, तक्रारीला तीन महिने, चौकशीला ९० दिवस. समितीची तीन वर्षांची मुदत संपल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही, हीच नेहमीची चूक.

निकाल वाचण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर, म्हणजे निकालांचा ऑनलाइन संग्रह, आहे. २०२३ च्या जानेवारीपासून ते सगळ्यांना फुकट खुलं झालं, आणि काही निकालांची मराठी व कन्नड भाषांतरंही मिळतात. उच्च न्यायालय वाचताना पुन्हा तोच प्रश्न, जागा कुठे? उद्यमबागेसाठी कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड पीठ. शिनोळीसाठी मुंबई उच्च न्यायालय, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून त्याचं कोल्हापूरचं सर्किट बेंच. एका उच्च न्यायालयाचा निकाल दुसऱ्या राज्यात बंधनकारक नसतो. उपयोगी असतो, पण त्यावर भिस्त ठेवून माणसाला कामावरून काढू नये.

प्रमाणपत्राबद्दल स्पष्ट असलेलं बरं. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवरचे पाठ असोत, व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेचं प्रशिक्षण असो की खासगी कोर्स, ज्ञानासाठी जरूर करावेत. पण ऑनलाइन किंवा दूरस्थ एलएलबीला बार कौन्सिल मान्यता देत नाही. वकिली करायची असेल तर बेळगावात १९३९ पासूनच्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजसारख्या ठिकाणी रीतसर वर्गात बसावं लागतं. कारखान्यातल्या कल्याण अधिकाऱ्याची पात्रता राज्याचे नियम ठरवतात. पूर्वी हे पद ५०० कामगारांवर लागायचं, नव्या संहितेत २५० वर, म्हणजे जागा वाढणार. मात्र कोर्सची पदवी त्या नियमांत बसते का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्यावं.

अंतर्गत चौकशी हा असा भाग आहे, जो पडद्यावर पाहून येत नाही. सीमाभागात तर तो भाषेमुळे दुप्पट नाजूक होतो. नेहमीचा प्रसंग : सुगीला गावी गेलेला मोल्डर (साचे करणारा कामगार) दहा-बारा दिवस फिरकला नाही. सुपरवायझर म्हणतो, नाव कमी करा, स्थायी आदेशात (कारखान्याच्या लेखी सेवानियमांत) आठ दिवसांची अट आहे. डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज (१९९३) हा निकाल नेमका अशाच अटीवरचा आहे. स्थायी आदेशात लिहिलं असलं तरी बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय नोकरी आपोआप संपत नाही. म्हणून आधी पत्र, नोंदीतल्या पत्त्यावर. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, तेव्हा जुन्या नोट्समधल्या ‘आरपीएडी’च्या (पोचपावतीसह रजिस्टर पोस्टच्या) जागी पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने पाठवावं. चंदगड-खानापूरच्या वाड्यांवर ‘घर बंद’ शेरा मारून पाकीट परत येतं. ते फोडू नये, तसंच फाइलला लावावं.

मग आरोपपत्र. तारीख, वेळ, जागा, कृती आणि स्थायी आदेशाचं कलम. ‘उद्धट वर्तन केले’ एवढ्याने आरोप होत नाही. काय बोलला ते शब्द ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत लिहायचे. कन्नडमधली शिवी इंग्रजीत उतरवली की साक्षीदार आणि कागद यांचं जमत नाही, आणि उलटतपासणीत ते उघडं पडतं. चौकशी अधिकारी तक्रारदार किंवा साक्षीदार नसावा. आधी व्यवस्थापनाचे साक्षीदार, कामगाराची उलटतपासणी, मग त्याचा बचाव. प्रत्येक बैठकीच्या नोंदीची प्रत त्याच दिवशी त्याच्या हातात. अहवाल आल्यावर तो आधी कामगाराला द्यायचा, त्याचं म्हणणं घ्यायचं आणि मगच शिक्षा. ईसीआयएल विरुद्ध बी. करुणाकर (१९९३) मध्ये न्यायालयाने हे पक्कं केलं. माणूस निलंबित असेल तर संहितेप्रमाणे चौकशी साधारण ९० दिवसांत आटपायची.

यातलं सगळं नीट होऊनही एक गोष्ट चुकते. चौकशी अधिकारी इंग्रजीत टाइप करतो, सुपरवायझर कन्नडमध्ये साक्ष देतो आणि कामगार फक्त मराठी वाचतो. शेवटी प्रत्येक पानावर त्याची मराठी सही घेतली जाते आणि वर एक ओळ असते : ‘मजकूर समजावून सांगितला.’ कुणी सांगितला, कुठल्या भाषेत, ते कुठेच नसतं. त्यामुळे ही ओळ फारशी टिकत नाही. दुभाषा नेमावा, त्याचं नाव पहिल्या बैठकीच्या नोंदीत घालावं, तो कामगाराला मान्य आहे का ते विचारून लिहावं आणि प्रत्येक पानावर त्याची सही घ्यावी. आरोपपत्र मूळ भाषेत आणि मराठीत, दोन्ही प्रती एकाच वेळी द्याव्यात. उत्तराची मुदत मराठी प्रत मिळाल्यापासून मोजावी. ऑनलाइन वर्गातल्या चार-पाच जणांनी शनिवारी तासभर बसून एक खोटी चौकशी पूर्ण चालवावी : एक अधिकारी, एक कामगार, एक त्याचा सहकारी प्रतिनिधी, एक साक्षीदार, एक दुभाषा. नोंद हाताने लिहावी. दुभाष्याने साक्षीतलं अर्धं वाक्य गाळलं की कामगाराच्या खुर्चीवर बसलेल्याला ते लगेच कळतं.